श्रेय कुणाच्या खाती?

अभिनंदन म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आपला आनंद मिसळणे, असे आपण धरून चालतो. लॅटिनमधले ‘ग्रातुलारी’ हे क्रियापद मात्र आनंदापेक्षा ऋणाच्या कुळातले आहे. ते ‘ग्रातुस’ या विशेषणाच्या गोतातले, आणि ‘ग्रातुस’ म्हणजे आवडताही, कृतज्ञही. भाषाशास्त्रज्ञ स्तुतिवाचक संस्कृत धातू ‘गॄ’ यालाही याच मुळाशी नेऊन पोचवतात. निव्वळ आनंदासाठी रोमनांकडे ‘गाउदेरे’ हे वेगळे क्रियापद होते. बहुधा सीझरच्या खुनानंतर कटातल्या बासिलुसला धाडलेल्या त्रोटक चिठ्ठीत रोमन वक्ता सिसेरो ही दोन्ही शेजारी ठेवतो: ‘ग्रातुलारी’ बासिलुससाठी, ‘गाउदेरे’ स्वतःसाठी. मनातला आनंद आपल्यापाशी राहू शकतो. ‘ग्रातुलारी’ कुणाला तरी पोचवावे लागते. ज्याला पोचवायचे त्याची चतुर्थी विभक्ती, मग तो मित्र असो वा देव. म्हणूनच यश मिळाले की देवांचे आभार मानण्यालाही हेच क्रियापद चाले.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. सिसेरोच्या काळी हा शब्द रोजच्या शिष्टाचारात झिजला होता. निवडणूक जिंकलेल्याला ‘ग्रातुलोर’ म्हणताना देव कुणाच्या मनात असतील? पण झिजलेल्या शब्दाची धार शिल्लक होती, याचा पुरावा सिनेटर धाकट्या केटोच्या एका पत्रात आहे. किलिकिया प्रांताचा कारभार पाहताना सिसेरोने अमानुस डोंगरात छोटासा विजय मिळवला आणि त्याबद्दल रोममध्ये देवांचे जाहीर आभार मानले जावेत, असा आग्रह धरला. इ.स.पू. 50 मध्ये सिनेटने ते मान्य केले. केटोने सिसेरोची स्तुती केली, पण ठरावाच्या विरोधात मत दिले. नंतर त्याने कळवले ते असे: यात दैवाचा भाग काहीच नव्हता, सारे तुझ्या विवेकाने आणि संयमाने घडले, तरी त्याचे श्रेय तुझ्या खाती मांडण्यापेक्षा आम्ही देवांचे आभार मानावेत हेच तुला पसंत असेल, तर मला आनंद आहे. देवांच्या आभारासाठी त्याने वापरले ते ‘ग्रातुलारी’, स्वतःच्या आनंदासाठी ‘गाउदेरे’. कानउघाडणी इतकी सभ्य असू शकते!

अर्थात सिसेरोला देवांमार्फत मान हवा होता तो स्वतःचाच, आणि त्यामागे विजययात्रेची आस होती. त्यामुळे शब्दाचा हा काटेकोरपणा एकट्या केटोचा, असेही म्हणता येईल. पण सिसेरोचे कानही तितकेच तिखट होते. केटोच्या विरोधी मताची संधी साधून सीझरने सिसेरोला अभिनंदनाचे पत्र पाठवले. ते आपला मित्र अत्तिकुस याला कळवताना सिसेरो एकाच वाक्यात सीझरसाठी ‘ग्रातुलारी’ वापरतो आणि केटोला त्याच कुळातले विशेषण बहाल करतो: ‘इन्ग्रातिस्सिमुस’, महाकृतघ्न.