कमी केलं म्हणजे किती?

विडी-सिगारेट ओढणाऱ्याला कुणीही टोकलं की उत्तर तयार असतं: “आता लई कमी केलंय.” हे वाक्य बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागात ऐकू येईल आणि मुंबईतही. ते मोजायचं कसं, हा प्रश्न वरकरणी आकडेमोडीचा आहे. खरं तर तो श्रद्धेचा आहे. आजार मोजण्यात बार्शी तालुका मागे नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. पण माणूस काय मानतो, याची नोंद तितकी सोपी नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या ९२ टक्क्यांहून अधिक प्रौढांनी धूम्रपानाने गंभीर आजार होतो असं सांगितलं, आणि ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण सोडण्याचा विचार करत होते. तरी धूर निघतच होता. नको असताना माणूस बळेच कशाकडे ओढला जातो, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला अर्जुनाचा प्रश्न इथे लागू पडतो. मात्र सिगारेटवाल्याने त्यावर स्वतःपुरता तोडगा काढलाय: सोडत नाही, कमी करतो.

आता हे ‘कमी’ मोजू गेलं तर हाती काय लागतं? सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी घातली, पण हिशेब अजून सुट्याचाच आहे. चहाबरोबर एक, दोघांत अर्धी-अर्धी, विझलेली विडी कानावर ठेवून नंतर पुन्हा पेटवलेली. मित्राच्या हातून घेतलेले चार झुरके कुणाच्याच खात्यावर पडत नाहीत. शिवाय शरीर आपला वाटा वसूल करतं: नग कमी झाले की झुरका लांबतो, थोटूक बोट भाजेपर्यंत ओढलं जातं.

माझ्या मते ‘कमी केलंय’ ही माहिती नसतेच, ती पुण्याची जमा असते. उपवासाच्या संस्कारात वाढलेल्या मनाला जितकं टाळलं तितकं पदरात पडलं असं वाटतं. काळीज हा हिशेब मानत नाही. २०१८ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. माळकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. गळ्यात माळ घालून आठवड्याला एकदाच मटण, असं व्रत नसतं.

यावर कुणी म्हणेल, सगळेच माळकरी नसतात. थोडं थोडं सुटलं तर बिघडलं कुठे? आक्षेप वजनदार आहे. कमी केल्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका काहीसा उतरतो असं डेन्मार्कमधल्या अभ्यासात दिसलं आहे. आणि हळूहळू कमी करत सोडणारे एकदम सोडणाऱ्यांइतकेच यशस्वी होतात, असा २०१९ च्या एका मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. पण त्या प्रयोगांतल्या कमी करण्याला शेवट होता, सोडण्याकडे जाणारा. जैन श्रावकाचं परिग्रह-परिमाणही असंच: मर्यादा आधी बांधायची, मग तिच्यात राहायचं. टपरीवरचं ‘कमी’ नेमकं उलटं चालतं. आधी ओढायची, मग जेवढ्या झाल्या त्याला मर्यादा म्हणायचं.

म्हणून ‘कमी केल्याने फायदा होतो असं वाटतं का?’ असं विचारून श्रद्धा मोजता येत नाही. त्या प्रश्नाला होकार देणं फुकट आहे. विचारावं ते असं: येत्या सोमवारी किती, आणि शेवटची कधी? लोक खोटी तारीख सांगतील, हा धोका आहेच. ‘आषाढीपासून बंद’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. तर मग आषाढी उलटल्यावर त्याच दारात पुन्हा जावं लागेल, आणि एका फेरीत कागद भरून परतणाऱ्या सर्वेक्षकांना ते जड जाईल.