विषाद ऐकून घेणारा सारथी



गीतेच्या पहिल्या अध्यायास अर्जुनविषादयोग असे नाव आहे. विषादालाही योग म्हटले आहे, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. धनुर्धरांत श्रेष्ठ असा तो वीर. त्याची गात्रे गळाली, तोंडास कोरड पडली, अंगास कंप सुटला, हातातून गांडीव निसटू लागले. परीक्षागृहाच्या दारात उभ्या असलेल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाचीही हीच अवस्था होते; आणि आपण म्हणतो, ‘नाटके करतो आहे!’

यानंतर जे घडले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी दोन श्लोकांत अर्जुनाची निर्भर्त्सना केली, दुर्बलता टाकून ऊठ म्हणून बजावले. अर्जुन उठला काय? नाही. तो पुनः बोलू लागला. आपले अंतःकरण त्याने अधिकच उघडे केले, मला मार्ग कळत नाही म्हणून शरण आला, आणि युद्ध करणार नाही असे सांगून गप्प बसला. भगवंतांनी हे सारे ऐकून घेतले. मग अकराव्या श्लोकापासून खरा उपदेश सुरू झाला. साक्षात् भगवंतांच्या दटावणीने जे साधले नाही, ते आपल्या दटावणीने साधेल अशी आशा आपण कोणत्या बळावर धरतो?

आपल्या लोंढ्याचेच पाहा. येथून एक लोहमार्ग बेळगावकडे, एक धारवाडकडे व एक कॅसलरॉकवरून गोव्याकडे जातो. दहावीनंतर मुलांच्या आयुष्यासही असेच फाटे फुटतात. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकलेल्या मुलास पुढे बहुधा इंग्रजी किंवा कन्नड माध्यमाच्या वर्गात बसावे लागते. शिकविलेले नीट उमगत नाही, विचारावयास लाज वाटते. घरी सांगावे तर शेजारच्या मुलाचे गुण ऐकावयास मिळतात. मग तो बोलेनासा होतो, जेवण तुटते, झोप उडते, खेळ सुटतो. हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तो आळस नव्हे, आजार असू शकतो. आणि तापाला जसा वैद्य लागतो तसा यालाही लागतो. अंगारा लावण्यास माझी हरकत नाही. तो लावून डॉक्टरांकडे जावे, इतकेच.

एका निकालाने सर्व संपते, ही समजूत तर आता मुळीच खरी नाही. कर्नाटकात २०२४ पासून दहावीची परीक्षा एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा होते व त्यांतील चांगले गुण धरले जातात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवावा, असा निर्देश दिला. आपल्या शाळेत काय झाले, हे पालकसभेत विचारावे. सभामंडपाच्या रंगाविषयी आपण तासभर वाद घालू शकतो; मग याविषयी पाच मिनिटे बोलण्यास कोणती अडचण?

मुलाच्या तोंडून ‘जगणे नको’ असे शब्द आले, तर ती धमकी समजू नये. त्यास एकटे सोडू नये, जवळ बसावे, काय होते ते सरळ विचारावे. १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य चालू आहे. तेथे मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते. धारवाडास मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि लोंढ्याहून तेथे थेट गाडी जाते.