वाफ्यांची सोडत, मुलांचे दूध

कृषी प्रदर्शनात खता-औषधांच्या स्टॉलवर हमखास दोन फोटो दिसतात. डावीकडे पिवळट, खुरटलेले पीक आणि खाली पाटी ‘कंट्रोल’. उजवीकडे हिरवेगार रान आणि कंपनीचे नाव. मुलांची उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या पावडरींच्या जाहिरातीही याच वळणावर जातात. डावीकडचा तुकडा कुणी निवडला, तो बांधालगतचा होता की चोपण जमिनीतला, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. याचा मला मनापासून राग येतो. ज्याला माल विकायचा आहे त्यानेच दोन्ही बाजू निवडल्या, तर त्या तुलनेला काडीचीही किंमत नाही. कुणाच्या वाट्याला काय येणार हे तुलना करणाऱ्याच्या हातात राहू नये, ही समज यायला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

या समजेचा सुरुवातीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते. १९१९ मध्ये तिथे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर आले. शेजारशेजारच्या दोन वाफ्यांत खत न घालताही उत्पन्न वेगळे येते, मग खताचा गुण कोणता आणि मातीचा कोणता? फिशर म्हणाले, खत कुठल्या वाफ्याला द्यायचे ते सोडतीने ठरवा, म्हणजे मातीमुळे पडणारा फरक किती असू शकतो याचे गणित मांडता येईल. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाने कृषी संशोधकांच्या पिढ्या या पद्धतीत तयार केल्या.

यापुढची गोष्ट सगळे एकाच सुरात सांगतात: फिशर यांची सोडत शेतातून निघाली आणि ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी ती दवाखान्यात आणली. मला हे पटत नाही. वाफ्याची कुणाला दया येत नाही, मुलाची येते. माणसांच्या बाबतीत सोडतीची गरज वेगळ्याच कारणाने पडली, आणि ते कारण समजून घ्यायचे तर स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरच्या शाळांकडे वळावे लागते.

१९३० च्या फेब्रुवारी ते जून या काळात तिथल्या ६७ शाळांतली वीस हजार मुले एका प्रयोगात होती. दहा हजारांना रोज पाऊण पाइंट दूध, उरलेल्या दहा हजारांना काही नाही. दुधाने वजन-उंची किती वाढते ते पाहायचे होते. मुलांची विभागणी आधी चिठ्ठीने किंवा नावांच्या अकारविल्हे क्रमाने झाली. पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा रोडकी मुले जास्त आली असे वाटले, तर अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. आणि शिक्षकांनी कुठल्याही भल्या माणसाने केले असते तेच केले. समोर हडकुळे, गरीब घरचे पोर दिसत असताना त्याला दुधाविना कोण ठेवील? परिणामी दूध न मिळालेली मुले सुरुवातीलाच वजनात सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीत चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती. वजनही कपड्यांसकट घेतलेले: फेब्रुवारीत थंडीचे कपडे, जूनमध्ये उन्हाळ्याचे. ज्याच्या घरी लोकरीचा जाड कोट होता त्याचे वजन उन्हाळ्यात आपोआप घटले, ज्याच्याकडे तो नव्हताच त्याचे घटले नाही.

हा घोळ १९३१ मध्ये उघड केला विल्यम गॉसेट यांनी. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात होते आणि बार्लीचे प्रयोग त्यांच्या रोजच्या कामातले. विशेष म्हणजे शेतातल्या सोडतीवर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. वाफ्यांची समतोल मांडणी त्यांना अधिक पसंत होती आणि त्यावरून फिशर यांच्याशी त्यांचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मुलांच्या बाबतीत मात्र माणसाचा हात मध्ये आला की काय होते, हे त्यांनी अचूक हेरले. त्यांनी सुचवले की एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घ्या, प्रत्येक जोडीत नाणेफेक करून एकालाच दूध द्या. वीस हजार मुलांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

लॅनार्कशायरच्या प्रयोगात लबाडी कुणीच केली नव्हती. तो बिघडला शिक्षकांच्या मायेमुळे. स्ट्रेप्टोमायसिनच्या क्षयरोगावरील चाचणीत (अहवाल १९४८चा) हिल यांनी सोडतीचा निकाल बंद लिफाफ्यांत ठेवला तोही मुख्यतः याच धास्तीने. त्याआधी एकाआड एक रुग्णाला औषध देण्याची रीत होती. पुढचा क्रमांक कुणाचा हे डॉक्टरला ठाऊक असले, की आपल्या रुग्णासाठी त्याचे मन कललेच. मातीतल्या फरकाचे गणित करण्यापेक्षा हे कलणे रोखणे हिल यांना अधिक गरजेचे वाटत होते.

याच सुमारास अपुऱ्या दिवसांच्या बाळांना एका नव्या आजाराने अंधत्व येत होते. न्यूयॉर्कमध्ये बालरोगतज्ज्ञ विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अशा बाळांना एसीटीएच हे संप्रेरक दिले. बहुतेकांची दृष्टी वाचली आणि औषध सापडले असे सर्वांना वाटले. तरीही त्यांनी पेटीतून रंगीत गोट्या काढून सोडतीने चाचणी घेतली. औषध मिळालेल्यांपैकी एक तृतीयांश बाळे आंधळी झाली, न मिळालेल्यांपैकी एक पंचमांश. शिवाय औषधाच्या गटात मृत्यू अधिक. हा आजार पुष्कळ बाळांत आपोआप मागे हटतो, हे आधी कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

या अंधत्वाचे खरे कारण होते सढळ हाताने दिला जाणारा प्राणवायू. वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात तो कमी देऊन पाहण्याची चाचणी चालू असताना, बाळे दगावतील या भीतीने काही परिचारिका रात्री गुपचूप नळ वाढवत असत. १९५३ मध्ये अठरा अमेरिकी रुग्णालयांनी मिळून सोडतीने चाचणी सुरू केली आणि पुढच्या वर्षी दोष प्राणवायूचाच असल्याचे सिद्ध झाले.

मुलांवर सोडत काढणे निर्दयपणाचे आहे, असे आजही अनेकांना वाटते. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: प्राणवायूच्या या चाचणीपूर्वीच्या बारा वर्षांत, कुणीही सोडत न काढता, केवळ बाळाच्या भल्यासाठी दिलेल्या प्राणवायूने जगभरात सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली.