विटाळ कशाचा?



मागल्या आषाढी वारीत आमची दिंडी एका लहान गावी दुपारच्या विसाव्याला टेकली होती. पावसाने दडी मारलेली, अंगाची लाही होत होती. गावच्या विहिरीच्या ओट्यावर आमच्यातील पाचसहा मंडळींनी आंघोळी मांडल्या, धोतरे आपटली. साबणाचे पाणी ओट्याच्या फटींतून परत विहिरीत झिरपू लागले. आम्हीही त्या पाचसहांतच होतो, हे आधी कबूल केले पाहिजे. इतक्यात एक म्हातारी घागर घेऊन आली. हात जोडून म्हणाली, "माउली, तुमी उद्या पुढल्या मुक्कामाला जाल. आमाला वरीसभर हेच प्यायचं हाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते वर्मी लागले. त्या सायंकाळी हरिपाठ तोंडाने चालला होता. चित्त विहिरीपाशी राहिले होते.

मुक्कामी पोहोचल्यावर या गोष्टीवरून दिंडीत बराच वाद झाला. त्यात निघालेल्या शंका सर्वांच्याच मनात असतात, म्हणून येथे मांडतो.

पहिली शंका अशी : चंद्रभागेच्या, इंद्रायणीच्या नुसत्या दर्शनाने पापे जातात, जे पाणी दुसऱ्याला पावन करते त्याला आपल्या घाणीने काय होणार? ऐकायला हे मोठ्या भक्तीचे बोलणे वाटते. पण तीर्थ पाप धुते ते मनाचे. पोटातला रोग हा पाप नव्हे, तो देहाचा धर्म आहे. पटकी झालेल्या माणसाचा मळ पाण्यात गेला, की ते पाणी पिणारा पुंडलिकाचा भक्त असो वा नास्तिक, दोघांनाही ती सारखीच धरते. १८५४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाचे पाणी पिणाऱ्यांवरून हे दाखवून दिले. १८८४ साली कलकत्त्यास रॉबर्ट कॉख यांना पटकीचा जंतू रोग्यांच्या आतड्यांत आणि एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. त्या शतकात पंढरीच्या यात्रेतच पटकीच्या साथी वारंवार आल्या, आणि घरी परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव गेल्या. चंद्रभागेचे माहात्म्य तेव्हा कमी झाले होते काय? नाही. कमी पडलो ते आम्ही.

दुसरी शंका : आम्ही हे मुद्दाम थोडेच करतो? नकळत घडले त्याचा दोष कसला? याला नारूचे उदाहरण घ्यावे. नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरे. पायावरच्या फोडातून नारूची सूक्ष्म पिले पाण्यात सुटत, ती पाण्यातले बारीक किडे गिळीत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांब नारू निघे. पिढ्यान्‌पिढ्या लोक याला प्रारब्ध म्हणत आले. नारूवर लस नव्हती, औषध नव्हते. पाणी फडक्याने गाळा, रोग्याने पाण्यात उतरू नये, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, एवढे आचरण गावोगाव पाळले गेले. आणि १९९६ नंतर या देशात नारूचा रोगी सापडला नाही, २००० साली देश नारूमुक्त ठरला. ज्याला प्रारब्ध म्हटले ते आमचे वागणे होते! नकळत झाले त्याला क्षमा आहे. कळूनही केले त्याला 'नकळत' म्हणता येत नाही. आणि आता आपल्याला कळलेले आहे.

तिसरी शंका जरा निराळी आणि अधिक खरी आहे : पाण्याच्या शुद्धीचे नाव घेऊनच या देशात माणसांना पाणवठ्यावरून हाकलले गेले ना? होय, हाकलले गेले. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सोबती महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा तळे 'बाटले' म्हणून त्यात शेण-गोमूत्र असलेले पंचगव्य घागरींनी ओतण्यात आले. माणसाच्या ओंजळीने न बाटलेले पाणी त्या शेणाने मात्र घाण झाले. यापरते डोळे उघडणारे काय असावे? पाण्याला विटाळ मळाचा असतो, माणसाचा नसतो. विहीर राखायची ती घाणीपासून, तहानेल्यापासून नव्हे.

कोणी म्हणेल, आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो तो शहरांच्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा. त्यांना सोडून वारकऱ्याला कशाला बोल? त्यांनाही विचारलेच पाहिजे, आणि मोठ्याने विचारले पाहिजे. पण विहिरीच्या ओट्यावर धोतर पिळता पिळता विचारले तर कोण ऐकेल?

म्हणून येत्या वारीसाठी एवढे पाळू या. आंघोळ-धुणे विहिरीपासून लांब, पाणी उपसून नेऊन करावे. शौचास उघड्यावर, ओढ्याकाठी बसू नये. तळावर फिरती शौचालये असतात, रांग लागली तरी तेथेच जावे. शौचाचा खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावा. उष्टा तांब्या हंड्यात बुडवू नये. ग्रामपंचायतीने पाण्यात टीसीएल पावडर टाकली तर वास येतो म्हणून नाक मुरडू नये. ती मुरायला अर्धा तास द्यावा, मग प्यावे.

आपण ज्याला पाजतो त्याची तहान आपल्याला दिसते, पुण्य लगेच पदरात पडते. ज्याचे पाणी आपण नासवतो तो मात्र आपल्याला दिसत नाही. तो आजारी पडतो तेव्हा आपण पुढल्या मुक्कामी टाळ वाजवीत असतो. न दिसणाऱ्या माणसाची आठवण ठेवणे हीच येथे भक्तीची कसोटी आहे. विठ्ठल तरी रोज कुठे दिसतो? तरी त्याच्यासाठी आपण चालतोच ना!

त्या म्हातारीच्या गावावरून यंदाही दिंडी जाईल. घागर भरताना तिने आमच्याकडे पाहिले, तर मान खाली घालावी लागू नये, एवढेच मागणे.

रामकृष्णहरी.