जातं थांबल्यावर

सावकाश बसा. (डोळे मिटायला सांगत नाही, मग वाचणार कसं?) मनात एक जातं आणा. दगडाच्या दोन तळ्या, वरच्या तळीच्या काठाशी लाकडी खुंटा, तोंडात मूठमूठ पडणारी ज्वारीची वैरण. समाजशास्त्र याला भौतिक संस्कृती म्हणतं. हात लावता येतो, उचलायला जड लागतं, झिजलं की टाकी लावून घेता येते.

आता जात्यापाशी पहाटे समोरासमोर बसलेल्या दोघी पाहा. एकीने ओवीची ओळ धरली, दुसरीने उचलली. भाऊ, माहेर, विठ्ठल, सासरचा जाच. दिवसा जे बोलायची सोय नव्हती, ते घरघरीच्या आडोशाने बोलता यायचं. ही अभौतिक बाजू.

इथे थांबा. ओवी जात्यापासून सोडवून पाहा. सुटते का? तिची लय खुंट्याच्या फेऱ्याने बांधलेली, दम लागेल तिथे ओळ थांबणारी. अभ्यासाच्या पुस्तकात भौतिक-अभौतिक असे दोन रकाने आखता येतात. दळणाऱ्या हातावर ती रेघ कुठे मारणार?

मग गिरणी आली, रोजचं जातं थांबलं आणि त्यावरची ओवीही. अभ्यासक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून अधिक ओव्या मिळवून ठेवल्या, म्हणून शब्द उरले, कित्येकींचे आवाजही. तरी हळहळ वाटते? वाटू द्या. फक्त ती कोणाची आहे, ते तपासा. मला ती बहुधा कधी न दळलेल्यांची वाटते. जिला अंधारात उठून घरभराचं पीठ काढावं लागे, तिला गिरणीचा आवाज गोडच लागला असेल.

जातं पुरतं गेलंही नाही. अनेक घरांत लग्नाआधी त्याला हळदकुंकू लावून त्यावर हळद दळतात. रोजच्या भाकरीशी त्याचं नातं संपलं, मान राहिला.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ मध्ये मांडलं की वस्तू आणि तंत्र आधी बदलतात, रीती आणि समजुती मागाहून, रखडत येतात. हे आपल्या घरात लावून पाहा. घाई नको. दगड गेला, वीज आली, पीठ आता पिशवीतून मिळतं. पण डब्यात पीठ तळाला गेल्याचं घरात पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात येतं? दळण कोण निवडतं? आणि पीठ फोनवरून मागवत असाल, तर ते मागवायची आठवण कोण ठेवतं?