निवृत्तीनंतरची चव आणि वानप्रस्थ

महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. आश्रमव्यवस्थेच्या हिशेबाने हा वानप्रस्थाचा काळ. मनुस्मृतीचा सहावा अध्याय वानप्रस्थाला गावातले अन्न सोडून कंदमुळांवर राहायला सांगतो. मग सकाळचे फिरणे आटोपून मित्रांसोबत मिसळ खायला बसणे हा धर्मलोप ठरतो का?

गीता इतकी कठोर नाही. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, असे तिचा सहावा अध्याय सांगतो. सतराव्यात सात्त्विक आहार रसाळ, स्निग्ध आणि मनाला रुचणारा म्हटला आहे. म्हणजे रुची हा दोष नव्हे. अति तिखट मात्र तिथेच राजस ठरते, तेव्हा तर्रीदार मिसळीसाठी गीतेचा आधार शोधू नये. वाफाळता मऊ भात, पिवळेधमक वरण, वर विरघळत जाणारे तूप आणि कडेला लिंबाची फोड, हे ताट त्या वर्णनात चपखल बसते.

खरी अडचण आसक्तीची आहे. विषय सुटले तरी त्यांची गोडी मागे उरते, हे दुसऱ्या अध्यायातले निरीक्षण फार खरे आहे. नुसत्या वर्ज्य करण्याने ती जात नाही. घड्याळाकडे बघत डबा संपवलेल्या माणसाला आता सावकाश, सोबतीने जेवता येते. त्यात भोगापेक्षा कृतज्ञता अधिक असू शकते. वारकऱ्यांच्या हरिनाम सप्ताहाची सांगताही एकत्र बसून खाल्लेल्या काल्यानेच होते.