शेवटचा हात

आपल्याकडे घरातली एखादी वस्तू बिघडली, की पहिला प्रश्न 'काय झालं?' असा नसतो. 'कोणी हात लावला होता?' असा असतो. मिक्सर जळो, घड्याळ बंद पडो, नाही तर दूध नासो. शेवटचा हात ज्याचा, गुन्हेगार तो. हा कायदा कोणी केला कोण जाणे, पण त्यावर अपील नाही.

आमचा लॅपटॉप दिवसातून तीन-तीनदा निळा पडायला लागला तेव्हा घरात हाच कायदा लागू झाला. आपण मन लावून काही टाइप करत असतो आणि एकाएकी पडदाभर निळाई पसरते. वर एक रडवेला चेहरा, खाली इंग्रजीतलं एखादं अगम्य कलम. (२०२५ पासून नव्या विंडोजमध्ये हा पडदा काळा येऊ लागला आहे. आजार तोच, सुतकाचा रंग बदलला, एवढंच.)

आजाऱ्याला बघायला येणारा प्रत्येक जण आपापलं निदान घेऊन येतो. शेजारचे काका 'व्हायरस' म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विजेच्या दाबावर ठपका ठेवला. सौ. म्हणाली, "मावशी रोज ओल्या फडक्यानं टेबल पुसतात. पाणी गेलं असणार आत." कामाच्या मावशी तेव्हा दारातच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. फडकं पिळून वाळत घातलं आणि निघून गेल्या.

रविवारी भाचा आला. त्यानं कोणालाच दोष दिला नाही, त्यामुळे काकांना तो जरा कच्चा वाटला. त्यानं सांगितलं, की मशीन असं बंद पडताना स्वतःचा पंचनामा लिहून ठेवतं. विंडोजच्या पोटात मिनिडंप नावाचा एक फोल्डर असतो, त्यात हे कागद सापडतात. आमच्याकडे अकरा पंचनामे निघाले. कुठे वायफायच्या ड्रायव्हरचं नाव, कुठे ग्राफिक्सच्या, कुठे भलत्याच कोणाचं.

"मग धर की त्या वायफायला!" काका म्हणाले.

"काका, मेमरीच्या एखाद्या कोपऱ्यात आधीच कोणीतरी तेल सांडून ठेवलेलं असतं. तिथं जो पाय ठेवतो तो घसरतो, आणि पंचनाम्यात नाव लागतं घसरणाऱ्याचं. दर वेळी वेगळंच नाव येतंय ना? मग यातला एकही चोर नसावा."

मी नोकरीची चौतीस वर्षं आठवून पाहिली. फायलीवर शेवटची सही ज्या गरीब कारकुनाची, त्यालाच मेमो मिळे. तेल सांडणारे साहेब तोवर बढतीवर गेलेले असत. आणि हे काही आपल्याच कचेऱ्यांत चालतं असं नाही. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक असेच निळे पडले, विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची पाळी आली. लोकांनी शिव्या घातल्या त्या विंडोजला, कारण पडद्यावर तेच दिसत होतं. दोष निघाला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष फाइलीचा.

भाच्याची रीत साधी होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग वाट पाहायची. लॅपटॉपमध्ये मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या; एक मूळची, दुसरी आम्ही नंतर एका दुकानातून बसवून घेतलेली. मेमटेस्ट८६ नावाची तपासणी रात्रभर चालवली. सकाळी पडद्यावर चुकांच्या लाल ओळी होत्या. मग एकेक पट्टी काढून, त्याच एका खाचेत घालून पुन्हा तपासली, म्हणजे दोष खाचेचा की पट्टीचा हेही कळावं. मूळची पट्टी निर्दोष सुटली. दुसरी सापडली. पाण्याचा टिपूसही आत कुठे नव्हता.

मला त्या निळ्या पडद्याबद्दल तेव्हापासून आदरच वाटतो. आपल्या गाभ्यातली माहिती विश्वासाची राहिली नाही असं दिसलं, की विंडोज स्वतःहून थांबतं. कारण तसंच रेटलं तर डिस्कवर चुकीचं लिहिलं जाईल. आपल्याला मात्र गाभ्यात शंका असली तरी निकाल द्यायला काही अडत नाही. आणि आपण चुकीचं लिहितो ते माणसाच्या नावापुढे.

नवी पट्टी बसली, लॅपटॉप सुधारला. सौ.नं मावशींना मोठ्या कौतुकानं सांगितलं, "मावशी, तुमचा काही दोष नव्हता हं!"

"बरं झालं," मावशी म्हणाल्या, "पण आता त्या टेबलाला मी हात लावायची नाही."

आज दोन महिने त्यांनी शब्द पाळलाय. टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ साठली आहे. परवा भाच्याचा फोन आला होता. म्हणाला, "मामा, धुळीपासून सांभाळा. पंख्यात धूळ अडकली की मशीन तापतं, आणि तापलं की पुन्हा बंद पडायला लागतं."

पुन्हा पडलंच, तर शेवटचा हात कोणाचा धरायचा, हा प्रश्न आमच्या घरात अजून कोणी काढलेला नाही.